गुडघ्याच्या कूर्चेसाठी 'स्टेम सेल': कोणत्या क्रमानं जायचं आणि लोक कुठं चुकतात

पुण्यात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांच्या फायलीत हल्ली एका ठरावीक नमुन्याचं बिल सापडतं. त्यावर एकच ओळ असते: 'रीजनरेटिव्ह थेरपी पॅकेज, उजवा गुडघा'. काय टोचलं, किती टोचलं, कुठून आणलं, याचा पत्ता नाही. "स्टेम सेल घेतल्यात, पण जिना उतरताना दुखतंच," असं म्हणत माणूस समोर बसतो, आणि फाईल चाळावी तर त्यात उभ्यानं काढलेला साधा एक्स-रेसुद्धा नसतो.

इंजेक्शन आधी आणि निदान मागाहून, असा उलटा कारभार झाला की पुढं कुणालाच काही सुधारता येत नाही. म्हणून खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमानं जा. हे सगळं गुडघ्यापुरतं आहे. घोटा आणि खुबा यांचे हिशोब वेगळे. आणि कुठलाही निर्णय तुमचा गुडघा हातानं तपासणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाबरोबरच घ्यायचा आहे.

## टप्पा १: खड्डा आहे की झीज, ते ठरवा

कूर्चा (कार्टिलेज) म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत अस्तर. गुडघ्यात ती साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे फाटली तर ती आपोआप धड भरून येत नाही. खालच्या हाडाला छिद्रं पाडून रक्त आणलं तर भर पडते, पण ती तंतुमय आणि मूळच्या कूर्चेपेक्षा कमी टिकाऊ.

नुकसान दोन तऱ्हांचं असतं. गाडीवरून पडून किंवा खेळताना पाय पिरगळून एका जागी कूर्चेचा तुकडा निघतो. खड्डा पडतो, पण कडेची कूर्चा शाबूत असते. दुसऱ्या तऱ्हेत सगळा सांधाच झिजत आलेला असतो, म्हणजे अस्थिसंधिवात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चापेशींचं रोपण मुख्यतः पहिल्या तऱ्हेसाठी आहे. रोपणाला भोवती धरून ठेवणारी चांगली कड लागते, आणि झिजलेल्या सांध्यात तीच नसते.

तपासण्या या क्रमानं करा:

1. दोन्ही गुडघ्यांचे उभ्यानं काढलेले एक्स-रे, समोरून आणि बाजूनं. गुडघा थोडा वाकवून उभ्यानं काढलेला आणि वाटीचा वेगळा, असे दोन आणखी मिळाले तर उत्तम. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट आहे त्याहून मोठी दिसते आणि झीज लपते.
2. मग एमआरआय, शक्य असेल तर ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'कूर्चेचं मूल्यमापन' असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट खड्ड्याची जागा, लांबी-रुंदी आणि खालच्या हाडाची स्थिती लिहितात.
3. हे सगळं घेऊन प्रत्यक्ष तपासणी.

इथं होणारी चूक: "माझा ग्रेड तीन आहे." कशाचा? एक्स-रेवर अस्थिसंधिवाताची शून्य ते चार अशी एक मोजपट्टी असते. एका खड्ड्याच्या खोलीची शून्य ते चार अशी दुसरी असते, तिच्यात चार म्हणजे हाड उघडं पडलं. आणि एमआरआयच्या रिपोर्टात मेनिस्कसच्या, म्हणजे दोन हाडांमधल्या गादीच्या, फाटण्यालाही 'ग्रेड ३' लिहितात. तीन वेगळ्या गोष्टी, आकडा तोच. शेजाऱ्याचा तीन आणि तुमचा तीन एक आहे असं धरून चालू नका.

पुढं जाण्याआधी: खड्डा किती चौरस सेंटिमीटरचा, कुठल्या हाडावर, समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर आहे का, आणि एक्स-रेवर अस्थिसंधिवाताचा ग्रेड कोणता, ही चार उत्तरं कागदावर हवीत. एमआरआयवर खड्डा बऱ्याचदा लहान दिसतो. दुर्बिणीतून सैल कडा साफ केल्यावर तो वाढतो, हे मनात असू द्या.

## टप्पा २: कूर्चा का गेली, ते शोधा

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि पेशी वाया जाण्याचं मोठं कारण माझ्या मते हेच. व्हील अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला नवा टायर घातला तर तोही त्याच बाजूनं झिजणार.

तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, पायाचा अक्ष: खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्यानं काढलेला लांब एक्स-रे, ज्याला स्कॅनोग्राम म्हणतात. पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकला असेल तर गुडघ्याच्या आतल्या भागावर जादा भार येतो, आणि त्याच भागात रोपण करायचं असेल तर आधी किंवा त्याच वेळी हाड कापून अक्ष सरळ करावा लागतो. दुसरी, लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे बंध: त्यांतलं एसीएल (गुडघ्याच्या आतला एक मुख्य बंध) तुटलेलं असेल आणि गुडघा 'सटकत' असेल तर नवी कूर्चा घासली जाणार. तिसरी, मेनिस्कस: जुन्या ऑपरेशनमध्ये तो बराचसा काढला असेल तर सर्जनला आधीच सांगा. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरात शोधून न्या. "काहीतरी साफ केलं होतं" एवढ्यावर काम भागत नाही.

संधिवाताभ (रूमॅटॉइड) किंवा तसा दाह करणारा दुसरा आजार असेल तर कूर्चापेशींचं रोपण सहसा करत नाहीत. आधी आजार आटोक्यात आणायचा.

## टप्पा ३: सुईत किंवा कुपीत काय आहे, ते लेखी घ्या

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. जाहिरातीत सगळ्यालाच स्टेम सेल म्हणतात. प्रत्यक्षात तुमच्यापुढं खालच्यांपैकी एक काहीतरी असतं.

पीआरपी. तुमच्याच रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) घट्ट करून टोचतात. यात मूलपेशी नाहीत. ते स्टेम सेल म्हणून विकलं जात असेल तर तिथूनच उठा.

अस्थिमज्जेचा अर्क. कमरेच्या हाडातून मज्जा काढून, फिरवून, घट्ट करून त्याच बैठकीत टोचतात. यात मूलपेशी असतात, पण फार थोड्या: मज्जेतल्या केंद्रकयुक्त पेशींपैकी जेमतेम ०.००१ ते ०.०१ टक्के. बाकी सगळं रक्त आणि इतर पेशी.

चरबीतून काढलेल्या पेशी. पोटाची चरबी ओढून, विकर (एन्झाइम) घालून पेशी सुट्या करतात. विकर वापरला की ती साधी प्रक्रिया राहत नाही, आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी. दात्याच्या अस्थिमज्जेपासून बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सनं बनवलेल्या अशा उत्पादनाला गुडघ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडच्या अस्थिसंधिवातासाठी २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. ते सांध्यात इंजेक्शननं देतात. खड्डा भरून काढण्याचं ते ऑपरेशन नव्हे.

तुमच्याच कूर्चापेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या. या मूलपेशी नाहीत, पक्व झालेल्या कूर्चापेशी आहेत. एका जागच्या मोठ्या खड्ड्यासाठी सगळ्यात जास्त अनुभव याच पद्धतीचा आहे. भारतात अशा उत्पादनाला २०१७ मध्ये परवानगी मिळाली.

आधारजाळी. कोलॅजन, हायलुरोनन, कायटोसान असल्या पदार्थांची जाळी किंवा जेल, पेशींसह किंवा पेशींशिवाय. ऊती अभियांत्रिकी (टिश्यू इंजिनिअरिंग) म्हणतात ती हीच: पेशींना बसायला जागा द्यायची, आकार द्यायचा, आणि हळूहळू जाळी विरघळून जाऊ द्यायची.

मूलपेशी सांध्यात गेल्यावर कूर्चेचा नवा थर रचतात, अशी बहुतेकांची समजूत असते. टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या तिथं तग धरतात. त्यांच्याकडून होणारं काम मुख्यतः दाह कमी करणाऱ्या स्रावांचं. आणि प्रयोगशाळेत या पेशींना कूर्चेच्या वाटेवर नेलं तरी पुष्कळदा त्या पुढं सरकून हाडासारखं वागू लागतात. संशोधकांची मोठी डोकेदुखी तीच आहे. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी यांची साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी तुलना झाली. वर्षानंतर वेदनेत तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. याचा अर्थ पेशींचा काहीच उपयोग नाही असा नव्हे. पण 'कूर्चा पुन्हा उगवते, हमखास' असं कुणी सांगत असेल तर पुरावा मागा.

तपासून पाहा: पेशी कुणाच्या, शरीराच्या कुठल्या भागातल्या, वाढवलेल्या की त्याच दिवशी काढलेल्या, संख्या किती, जिवंत पेशींचं प्रमाण किती, आणि निर्जंतुकतेचा अहवाल आहे का? उत्तर तोंडी नको. उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर येणार का, हेही आताच विचारून ठेवा.

## टप्पा ४: परवानगी पाहा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर हा प्रयोग समजायचा, आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. २०१९च्या नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन 'नवीन औषध' ठरतं, म्हणजे त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते.

तेव्हा तुमच्यापुढं दोनच सरळ रस्ते आहेत. एक, परवानगी असलेलं उत्पादन, ज्या आजारासाठी आणि ज्या ग्रेडसाठी परवानगी आहे त्याच कारणासाठी. दुसरा, नोंदणी झालेली चाचणी. चाचणीचा क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो. तो मागून घ्या आणि भारताच्या चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. तिथं रुग्णालयाचं नाव, चाचणी पुण्यात चालते का, भरती सुरू आहे की बंद, सगळं दिसतं.

सावधान: चाचणीत भाग घेण्यासाठी पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे, दुकान आहे. चाचणीतलं उत्पादन फुकट मिळायला हवं, आणि त्यामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ही चाचणी करणाऱ्यांची जबाबदारी असते. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा.

पुण्यापुरती आणखी एक गोष्ट. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. नाव ऐकून लोक रिपोर्ट घेऊन तिथं जाण्याचा बेत करतात. ती संशोधनसंस्था आहे, गुडघ्याची ओपीडी नव्हे. तुमच्या गुडघ्याचा रस्ता रुग्णालयातूनच जातो.

## टप्पा ५: पैशाचं आधी बोला

मेडिक्लेमच्या पॉलिसीत 'स्टेम सेल थेरपी' दिसली की लोक निर्धास्त होतात. ते कलम बहुतेक वेळा रक्ताच्या आजारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरतं असतं. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीनं दावे पाहणाऱ्या संस्थेकडून) गुडघ्यासाठीचं उत्तर ईमेलवर घ्या. कूर्चापेशींच्या रोपणाला दोन ऑपरेशनं लागतात (टप्पा ७ पाहा), म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही ऑपरेशनं, पेशी वाढवण्याचा खर्च, ब्रेस आणि फिजिओ असं वेगवेगळं लिहून घ्या. आणि एक प्रश्न जो कुणी विचारत नाही: प्रयोगशाळेत पेशी वाढल्या नाहीत किंवा दूषित झाल्या, तर दुसऱ्यांदा नमुना घेण्याचा खर्च कोण करणार?

## टप्पा ६: गुडघा आणि घर तयार करा

यापुढचं सगळं मुख्यतः कूर्चापेशींच्या रोपणाबद्दल आहे. रोपणाच्या तारखेआधी निदान महिना-दीड महिना हाताशी ठेवा.

मांडीचे स्नायू. ऑपरेशननंतर ते झपाट्यानं वाळतात, म्हणून आधीच ताकद साठवायची: पाय सरळ ठेवून उचलणं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबणं, स्थिर सायकल. दुखतंय म्हणून महिनाभर पलंगावर काढून ऑपरेशनला जाणाऱ्याचं पुढचं सगळं लांबतं.

वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५च्या वर असेल तर बरेच सर्जन रोपण करायला तयारच होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

तंबाखू. सिगारेट तर आलीच, पण मिश्री आणि गुटखाही त्यातच. बायका मिश्री मोजतच नाहीत, "ती फक्त दातांना" म्हणतात. निकोटीन तेच. डॉक्टरांना सांगा आणि बंद करा.

साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दातातला किंवा त्वचेवरचा पू, आणि गुडघ्यात पूर्वी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं: सगळं तारखांसह लिहून न्या. कुठली गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनानं थांबवू नका.

घर. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, कारण उकिडवं बसणं बराच काळ बंद. लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले काही आठवडे तळमजल्यावरच्या कुणा नातेवाइकाकडे काढा. कुबड्या घेऊन जिना कसा चढायचा-उतरायचा हे ऑपरेशनच्या आधी शिका, आणि पावसाळ्यात तारीख असेल तर कुबड्यांचे रबर नवे घाला. ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत रबर म्हणजे पडलोच समजा.

## टप्पा ७: दोन ऑपरेशनं आणि मधला काळ

पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून. सर्जन खड्डा मोजतात आणि कमी भार येणाऱ्या जागेतून सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम कूर्चा काढतात. तो नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथं विकर घालून पेशी सुट्या करतात आणि साधारण चार ते सहा आठवडे वाढवतात. यात घाई करून फायदा नाही: सपाट भांड्यात फार वेळा वाढवत गेलं की कूर्चापेशी आपला गुण विसरून तंतुपेशींसारख्या वागायला लागतात. फक्त संख्या मोठी दाखवणाऱ्या प्रयोगशाळेवर म्हणूनच खूश होऊ नका. किती वेळा पुनर्वाढ केली हेही विचारा.

मधल्या काळात लोक दोन चुका करतात. एक, "ऑपरेशन झालं, बरं वाटतंय" म्हणून व्यायाम सोडतात. दुसरी, दुसऱ्या ऑपरेशनची तारीख लग्न-मुंजीप्रमाणे मागंपुढं करता येईल असं धरतात. तयार पेशी फार थांबत नाहीत. ताप, खोकला, लघवीची जळजळ, पायावर साधी जखम, काहीही झालं तर लगेच कळवा, म्हणजे प्रयोगशाळेला वेळेत थांबवता येईल.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खड्ड्याच्या सैल कडा कापून भिंती सरळ उभ्या करतात, तळ साफ करतात, पण खालच्या हाडातून रक्त येऊ देत नाहीत. मग पेशी फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) जेलमध्ये किंवा जाळीवर बसवून चिकटवतात. गुडघा टेबलावरच काही वेळा वाकवून रोपण हलत नाही ना, हे पाहतात.

घरी जाण्याआधी: डिस्चार्ज कार्डावर साफ केल्यानंतरचं खड्ड्याचं माप, नेमकी जागा, उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक आणि भार कधी किती द्यायचा, एवढं आहे का? नसेल तर तिथंच थांबून लिहून घ्या. या कागदाशिवाय फिजिओथेरपिस्ट अंधारात तीर मारतो.

## टप्पा ८: पुढचं वर्ष-दीड वर्ष

सुरुवातीला रोपण मऊ असतं. त्याला हालचाल हवी, पण दाब नको. सगळ्या व्यायामांचा गाभा हाच.

खड्डा मांडीच्या हाडाच्या टोकावर असेल तर पहिले दोन आठवडे पाऊल जेमतेम टेकवायचं, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत, काहींच्या बाबतीत बारा, पूर्ण भारापर्यंत जायचं. गुडघा मात्र सुरुवातीपासून हलता ठेवायचा, कधी मशीननं, कधी हातानं, रोज काही तास. खड्डा वाटीच्या मागे असेल तर हिशोब उलटा: ब्रेस सरळ लॉक करून चालायला लवकर परवानगी मिळते, पण भार देऊन गुडघा वाकवणं बंद. दोघे रुग्ण एकाच बाकावर बसून एकमेकांचे तक्ते ताडून पाहतात आणि "तुम्हाला कसं चालू दिलं?" म्हणून नाराज होतात. जागा वेगळी, तक्ता वेगळा.

सगळ्यात जास्त बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होतो. दुखणं कमी झालेलं असतं, कुबड्यांचा कंटाळा आलेला असतो, आणि माणूस स्कूटर काढतो. स्कूटर चालवताना गुडघ्याला फार काही होत नाही, सिग्नलला होतं. मागून पीएमपीची बस आली, गाडी कलली, आणि तोल सावरायला जो पाय खाली गेला तो ऑपरेशनचाच. त्या एका धक्क्यात रोपणाची कड सुटू शकते. सर्जन आणि फिजिओ दोघांनी हो म्हणेपर्यंत रिक्षा करा.

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, पूजेला खाली बसून उठणं: यांना सगळ्यात शेवटी परवानगी मिळते, काहींना कायमची मिळत नाही. स्थिर सायकल दोन-तीन महिन्यांत, हलकं धावणं नऊ ते बारा महिन्यांनी, फुटबॉल-बॅडमिंटनसारखे पाय वळवायचे खेळ वर्ष ते दीड वर्षानं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढता आल्या म्हणून खूश होऊन सिंहगडाचा बेत करू नका. गुडघ्याची परीक्षा उतरताना असते.

ताबडतोब फोन करा: ताप आणि गुडघा लाल-गरम होणं, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी सुजून दुखणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न पाहता सरळ इमर्जन्सीत. काही महिन्यांनी गुडघा अचानक अडकायला लागला किंवा पुन्हा सुजला, तर रोपण सुटलं असण्याची शक्यता आहे. व्यायाम थांबवून सर्जनना दाखवा.

नवी ऊती घट्ट व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. सहाव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये रोपणाची जागा आजूबाजूच्या कूर्चेपेक्षा वेगळी दिसली म्हणून लगेच दुसऱ्या क्लिनिकमध्ये 'बूस्टर इंजेक्शन' घ्यायला धावू नका. त्या वयाचं रोपण एमआरआयवर वेगळं दिसतंच. आधीचा आणि नंतरचा एमआरआय शक्यतो एकाच सेंटरवर, त्याच मशीनवर काढा आणि दोन्हींच्या सीडी जपून ठेवा. पुढच्या तपासणीला नुसता छापील रिपोर्ट नेलात तर तुलना करायला डॉक्टरांच्या हातात काही राहत नाही.